एकोणिसावी ओळ



माझ्या हातातली ही वही दोनशे पानी आहे. तिचा पुठ्ठा एके काळी निळा होता, आता त्याला रंगच उरलेला नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्या सरांनी ही वही फक्त शर्यतींसाठी ठेवली होती. घरच्या मंडळींनी ती आजच्या संध्याकाळपुरती माझ्या स्वाधीन केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

सरांची नोंद करण्याची एक रीत होती. वर तारीख, त्याखाली अंतर, मग रानाची अवस्था: ‘वापसा आहे’, ‘पांदणीत गुडघाभर चिखल’, ‘वारा समोरून’. त्याखाली आलेल्या सगळ्यांची नावं आणि वेळा. सगळ्यांची म्हणजे अगदी शेवटच्याचीसुद्धा.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण शाळेत असताना मी एक क्रॉस कंट्री शर्यत धावलो होतो. पावसाळा संपत आला होता. परभणीच्या काळ्या मातीत अशा दिवसांत चालणाऱ्याची काय गत होते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रत्येक पावलाला माती चढते आणि अर्ध्या कोसात पाय दुप्पट जड होतो. ज्यांच्या पायात बूट होते त्यांनी ते काढून हातात घेतले. मी धापा टाकत मैदानात शिरलो, तेव्हा आयोजकांनी टेबल मिटलं होतं. पुढच्या फेरीसाठी सहा मुलं हवी होती, ती सहा मिळाली होती, म्हणून पंचमंडळी चहाला गेली होती. चुन्याच्या रेघेपाशी घड्याळ हातात घेऊन सर एकटे उभे होते. त्यांनी वेळ बघितली, वहीत काही लिहिलं आणि मग मला पाणी दिलं. ते पान या वहीत आहे. माझा नंबर तेविसावा.

आजच्या विषयाकडे मी या पानावरून आलो. विषय आहे, हिंदुस्थानातली पोरं पहिल्यांदा जगाच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरली त्याचा. ही हकिकत पुस्तकांत सापडते ती ओळ-दीड ओळीत. मला ती सावकाश सांगायची आहे.

22 ऑगस्ट 1920. बेल्जियममधलं अँटवर्प शहर. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नव्हती आणि ज्या देशाच्या शेतांत खंदक खणले गेले, त्याच देशात ऑलिंपिक भरलं होतं. त्या दिवशी मॅरेथॉन होती. हवेत गारठा होता आणि पाऊस पडत होता. अंतर 42 किलोमीटर 750 मीटर. आज मॅरेथॉन म्हटलं की 42 किलोमीटर 195 मीटर हा आकडा शाळकरी पोरही सांगतं, पण तो आकडा कायमचा ठरला 1921 मध्ये. अँटवर्पची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब मॅरेथॉन ठरली. 48 जण सुटले, 35 पोहोचले.

निकालपत्राची पहिली ओळ: हानेस कोलेहमैनेन, फिनलंड, 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंद. दुसरी: यूरी लॉसमान, एस्टोनिया, जेमतेम 13 सेकंदांनी मागे. तिसरी: व्हालेरिओ आरी, इटली. हा गडी रेषा ओलांडल्यावर आनंदाने कोलांट्या मारत सुटला. इतकी लांब शर्यत धावून अंगात कोलांट्यांचं बळ उरतं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. साधारणपणे वाचणारा इथेच थांबतो.

आपण खाली जाऊ. एकोणिसावी ओळ: फडेप्पा दरेप्पा चौगुले, हिंदुस्थान. 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंद.

हे चौगुले बेळगावचे. मराठी आणि कानडी जिथे एकाच ओट्यावर बसतात, त्या मुलखातले. लोकांनी त्यांना ‘पवनंजय’ असं बिरुद दिलं होतं, वाऱ्याला जिंकणारा या अर्थाचं. आता या वेळेचा थोडा हिशेब करू. 42.75 किलोमीटरला 10,245 सेकंद, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटांना किंचित कमी. आणखी फोड केली तर शंभर मीटरला 24 सेकंद. शाळेच्या मैदानावर कुणीही धडधाकट मुलगा शंभर मीटर 24 सेकंदांत सहज धावेल. चौगुल्यांनी तसं 427 वेळा केलं, एकामागून एक, मधे न थांबता, परक्या देशात, थंड पावसात. त्यांच्या मागे आणखी सोळा जण पोहोचले आणि तेरा जण वाटेतच थांबले. त्या तेरांत चौगुल्यांचे सोबती दातार होते. दक्षिण आफ्रिकेचा गिटशॅमही होता. आठ वर्षांपूर्वी त्याने याच शर्यतीत रौप्यपदक मिळवलं होतं आणि त्या दिवशी बराच वेळ तो पुढे धावत होता.

ही मंडळी अँटवर्पला पोहोचली कशी, याची सुरुवात पुण्यात झाली. डेक्कन जिमखाना 1906 साली निघाला आणि सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले. दोराबजी इंग्लंडमध्ये शिकले होते, तिथले मैदानी खेळ खेळले होते. इथे परत आल्यावर त्यांनी मुंबईतल्या शाळांच्या स्पर्धा उभ्या केल्या होत्या. पुण्यातल्या एका स्पर्धेत त्यांनी जे पाहिलं, ते त्यांनी 1929 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलं आहे. शर्यतीत उतरलेली पोरं शेतकऱ्यांची होती. दिवसभर शेतात राबणारी, साधं अन्न खाणारी. युरोपातल्या नियमांची त्यांना काही माहिती नव्हती. ती अनवाणी धावली. आणि तरीही त्यांच्या लांब पल्ल्याच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास जात होत्या.

मला दोराबजींचा मोठेपणा त्यांच्या संपत्तीत दिसत नाही. त्या दिवशी त्या मैदानात पुष्कळ बडी माणसं असतील आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या असतील. दोराबजींनी घड्याळाकडे पाहिलं. शेतकऱ्याचं पोरगं अनवाणी पळतंय हे कौतुकाने बघणं निराळं, आणि त्याच्या वेळेची बरोबरी जगाच्या वेळेशी करून बघणं निराळं. पुढे त्यांनी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, सरकारची मदत मिळवली, पदरचे पैसे घातले, आणि जून 1920 मध्ये मुंबईच्या धक्क्यावरून बोट सुटली.

बोटीत सहा खेळाडू होते. धावणारे चौघे: बंगालचे पूर्मा बॅनर्जी आणि आपल्या बाजूचे चौगुले, दातार, कैकाडी. कुस्तीला दोघे: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. सहातले पाच या पश्चिम भागातले. आधी लंडनमध्ये काही आठवडे सराव झाला, मग अँटवर्प. शिंदे कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोहोचले, तिथे हरले आणि चौथे आले. नंतर त्यांच्या नावाचं काय झालं ते बघा. परदेशी नोंदींत त्यांच्या आडनावाला एक ‘स’ चिकटला आणि ते ‘शिंडेस’ होऊन बसले. दातारांचं आणि कैकाड्यांचं पहिलं नावही नोंदींतून धडपणे येत नाही. एका जागी एक, दुसऱ्या जागी दुसरं. साहेबाच्या कानाने ऐकलेलं आणि साहेबाच्या लिपीत लिहिलेलं नाव शंभर वर्षं तसंच चालत राहिलं. ते दुरुस्त करणं आपलं काम होतं. आपण ते केलं नाही.

इथे तुमच्यापैकी कुणी विचारेल, आणि विचारावंच, की यात परभणी कुठे आली? 1920 साली परभणी नव्हतीच, निदान त्या अर्थाने नव्हती. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी छोटी रेल्वेलाइन 1900 पासून इथून जात होती, म्हणजे पुण्याला जायला वाट होती. पण पुणे परक्या राज्यातलं शहर होतं. तिथल्या जिमखान्याच्या अध्यक्षाच्या नजरेला पडायला जिंतूरच्या किंवा पाथरीच्या पोराला आधी सरहद्द ओलांडावी लागली असती. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं आपले जुने लोक म्हणायचे. कुठे जमलं नाही तरी परभणीत पोट भरेल, इतकी इथली काळी जमीन देणारी. त्या जमिनीत धावणारे पाय नव्हते असं मी मानत नाही. गोदावरीच्या काठाने गंगाखेडपर्यंत, दुधनेच्या काठाने सेलूपर्यंत माणसं रोज कोस-कोस चालतच होती. त्यांच्यासाठी घड्याळ हातात धरणारं कुणी नव्हतं, एवढंच.

आता थोडं दूर, बर्फावरच्या लांब शर्यतींकडे जाऊ. हा विषय मला फार आवडतो आणि सरांनाही आवडायचा. ते एका जुन्या मासिकातलं चित्र वर्गात दाखवायचे: पायाला लांब फळ्या बांधलेला, दोन्ही हातांत काठ्या घेतलेला माणूस पांढऱ्या रानातून एकटा चालला आहे. स्की म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगरावरून सूं करत खाली येणारा माणूस येतो. क्रॉस कंट्री स्की तसं नसतं. त्यात चढ चढायचा, सपाटी कापायची, जंगलातून वाट काढायची. घसरण्यापेक्षा ढकलणं जास्त. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या खेड्यांत हिवाळ्यात वाटा बुजायच्या, तेव्हा सरपण आणायला, शिकारीला, शेजारच्या गावाला जायला या फळ्याच कामी यायच्या. आपल्याकडे बैलगाडी जशी आधी कामाची आणि मग शंकरपटाची, तशी तिकडे स्की आधी कामाची आणि मग शर्यतीची.

1924 साली जानेवारी-फेब्रुवारीत फ्रान्समधल्या शामोनी गावात बर्फावरच्या खेळांचा आंतरराष्ट्रीय सप्ताह भरला. तेव्हा त्याला ऑलिंपिक म्हणत नव्हते, ते नाव दोन वर्षांनी मागाहून दिलं गेलं. तिथे पुरुषांच्या दोन स्की शर्यती झाल्या, 18 किलोमीटरची आणि 50 किलोमीटरची. दोन्ही नॉर्वेच्या थोर्लाइफ हाउगने जिंकल्या. पन्नास किलोमीटरला त्याला 3 तास 44 मिनिटे 32 सेकंद लागले आणि पहिले चारही जण नॉर्वेचेच होते. फळ्या बांधून शाळेत जाणाऱ्या मुलांचा देश त्या शर्यतीत जिंकणार, यात नवल नव्हतं.

पण हाउगची खरी हकिकत पुढेच आहे. त्याच सप्ताहात तो स्की घेऊन उडी मारण्याच्या स्पर्धेतही उतरला आणि त्याला तिसरं स्थान मिळालं. चौथा आला अँडर्स हाउगन, नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेकडून खेळणारा. हाउग 1934 मध्ये वारला. त्या स्पर्धेला पन्नास वर्षं उलटली. मग कुणीतरी जुनी गुणपत्रकं पुन्हा काढून बेरीज तपासली आणि ती चुकलेली निघाली. तिसरा हाउगन होता. 1974 मध्ये ऑस्लोला हाउगच्या मुलीने आपल्या वडिलांचं कांस्यपदक म्हाताऱ्या हाउगनच्या हातात दिलं.

ही गोष्ट सर दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी एका ठिकाणी त्यांचा आवाज बदलायचा. मुलीने पदक दिलं, त्या ठिकाणी नव्हे. कुणीतरी बेरीज तपासली, त्या ठिकाणी. पन्नास वर्षं जुनं, निकाली निघालेलं, सगळ्यांना मान्य असलेलं पत्रक हातात घेऊन चौथ्या नंबरच्या माणसाची बेरीज करून बघावीशी कुणाला तरी वाटली.

आपल्या देशातून बर्फावरच्या या लांब शर्यतीत माणसं उतरायला फार काळ जावा लागला. 2010 ला व्हँकुव्हरमध्ये ताशी लुंडुप, 2014 ला सोचीत नदीम इक्बाल, 2018 ला प्याँगचांगमध्ये जगदीश सिंग. तिघेही निकालपत्रात बरेच खाली सापडतील. म्हणूनच त्यांची नावं मी या व्यासपीठावरून घेतली.

पुन्हा अँटवर्पला येतो, कारण पहिल्या आणि एकोणिसाव्या ओळीत एक नातं आहे आणि ते मला पुष्कळ उशिरा दिसलं. कोलेहमैनेन हा गवंडी होता, विटा रचायचा. 1912 ला स्टॉकहोममध्ये त्याने तीन सुवर्णपदकं मिळवली, त्यांतलं एक क्रॉस कंट्रीचं. पण तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता, आणि फिनलंडच्या पोराने जिंकल्यावर काठीवर चढला तो रशियाचा झेंडा. 1920 ला तो पुन्हा जिंकला तेव्हा फिनलंड स्वतंत्र होता आणि झेंडा त्याचा स्वतःचा होता. दुसरा आलेला लॉसमान एस्टोनियाचा. तो देशही नुकताच मोकळा झालेला. म्हणजे त्या पावसात पुढे धावणारे दोघे नव्या स्वातंत्र्यात धावत होते आणि अठरा मिनिटं मागे बेळगावचा एक गडी पारतंत्र्यात धावत होता. ती अठरा मिनिटं केवळ पायांची होती असं मला वाटत नाही. कोलेहमैनेनला लहानपणापासून शर्यती मिळाल्या होत्या. चौगुल्यांना नियमांची ओळख व्हायला एक-दोन वर्षं, बोटीचा प्रवास आणि लंडनमधले काही आठवडे, एवढंच मिळालं होतं.

कोलेहमैनेनचं नाव आपल्या इतिहासात आणखी एकदा येतं. 1952 ला हेलसिंकीत ऑलिंपिक भरलं. पाव्हो नुर्मीने मैदानात ज्योत आणली आणि स्टेडियमच्या उंच मनोऱ्यावरची ज्योत पेटवली कोलेहमैनेनने. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांना तिकडे पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. चौगुल्यांच्या पुढे धावणाऱ्याने पेटवलेल्या ज्योतीखाली आपल्या माणसाने पदक घेतलं, हा योगायोग आहे. पण तो मनातून जात नाही.

मधल्या काळाबद्दल फार बोलत नाही. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीची शर्यत इतक्या भयंकर उन्हात झाली की सुटलेल्या 38 पैकी 15 जणच पोहोचले, आणि त्यानंतर ऑलिंपिकमधून ती शर्यत बाद झाली ती झालीच. त्याच पॅरिसमध्ये मॅरेथॉनला महादेव सिंग एकोणतिसावे आले. मग पुढची कित्येक वर्षं आपल्याकडे हॉकीचा बोलबाला राहिला, आणि तो रास्तच होता.

मला आपल्या शेजारच्या जिल्ह्याकडे यायचं आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. अविनाश साबळे तिथला. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा पाच-सहा किलोमीटर दूर. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. मराठवाड्याच्या उन्हातला हा पोरगा सियाचीनच्या बर्फात उभा राहिला, मग राजस्थानच्या वाळूत, मग सिक्कीममध्ये. तो धावायला लागला 2015 मध्ये, आणि कोणत्या शर्यतीत? लष्कराच्या क्रॉस कंट्रीत. तिथून प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेजकडे वळवलं. तीन हजार मीटर, 28 अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. 2018 मध्ये त्याने 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. 2023 ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा.

अकरावा. ज्या दिवशी तो अकरावा आला, त्या दिवशी मी काही माणसांना ‘पदक नाही ना मिळालं’ असं म्हणताना ऐकलं. माझं त्यांच्याशी भांडण नाही, पण मला ते फार लागलं. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत त्याच्याआधी भारताचा एकही पुरुष पोहोचला नव्हता. मांडव्याची वीटभट्टी ते पॅरिसची अंतिम फेरी हे अंतर कोणत्या घड्याळाने मोजायचं?

आणि आता परभणी. इथे बसलेल्या मुलींना हे नाव मी सांगायची गरज नाही. 15 जानेवारी 2017, मुंबई मॅरेथॉन. भारतीय महिलांत पहिली आली आपली ज्योती गवते. वेळ: 2 तास 50 मिनिटे 53 सेकंद. मी ही वेळ वर्तमानपत्रात वाचली आणि उठून चौगुल्यांच्या नोंदीचा कागद काढला. 2 तास 50 मिनिटे 45 सेकंद. आठ सेकंदांचं अंतर. अँटवर्पचं अंतर 555 मीटरनी जास्त होतं हे खरं. त्याच वेगाने आजचं अंतर धरलं तर चौगुले साधारण 2 तास 48 मिनिटे 32 सेकंदांत आले असते. तरीही एक बेळगावचा गडी आणि एक परभणीची मुलगी, मधे 97 वर्षं, आणि दोघांच्या घड्याळातले तास आणि मिनिटं एकच. 1920 साली परभणीतल्या मुलीला वेशीबाहेर धावायला सोडलं असतं का, हे तुम्हीच मनाशी ठरवा. 1920 ला चौगुल्यांची ती वेळ लिहून ठेवली नसती, तर आज मला ही दोन माणसं शेजारी उभी करता आली नसती. म्हणून मी लिहून ठेवण्याचा इतका आग्रह धरतो.

पहाटे पाचला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर जा. वसमत रोडला जा, जिंतूर रोडला जा. अंधारात पोरं धावत असतात. आपण त्यांना ‘भरतीची पोरं’ म्हणतो. पोलीस भरतीला सोळाशे मीटर धावावं लागतं, त्याचे गुण असतात, म्हणून ती धावतात. अलीकडे मुलीही पुष्कळ दिसतात. रात्री ज्वारीची भाकरी खाऊन झोपलेली, सकाळी मोबाइलमधल्या स्टॉपवॉचवर एकमेकांची वेळ घेणारी ही मुलं. पुण्यात दोराबजींनी पाहिलेली मुलं यांच्यापेक्षा फार निराळी असतील असं मला वाटत नाही. भरती झाली की कुणी निवडला जातो, बरेच जण राहून जातात, आणि राहून गेलेल्यांचं धावणं तिथेच संपतं. त्यांच्यात दहा हजार मीटरचा कुणी असेल, मॅरेथॉनचा कुणी असेल. सोळाशे मीटरला मागे पडणारा पोरगा कधी कधी सोळा किलोमीटरला सगळ्यांच्या पुढे असतो, हे लांब पल्ल्याचा कुठलाही प्रशिक्षक सांगेल. पण ते कळायला त्याला कुणीतरी सोळा किलोमीटर धावायला लावावं लागतं आणि शेवटी घड्याळ घेऊन थांबावं लागतं.

माझं मागणं मोठं नाही. सिंथेटिक ट्रॅक हवाच, पण तो माझ्या तुमच्या हातात नाही. जिल्ह्यात वर्षातून एकदा, पीक निघाल्यावर, पांदणीतून, बांधावरून, नदीकाठच्या वाटेने दहा-बारा किलोमीटरची एक शर्यत व्हावी. सगळ्या तालुक्यांतून पोरं यावीत, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम, पूर्णा, सगळीकडून. बक्षीस कमी असलं तरी चालेल. शेवटचा धावणारा आत येईपर्यंत टेबल मिटायचं नाही आणि प्रत्येकाची वेळ लिहायची. नाव मराठीत, त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकून, बापाच्या नावासकट आणि गावासकट लिहायचं. कुणाच्या आडनावाला ‘स’ चिकटता कामा नये. मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहीन. या सभागृहातल्या निवृत्त शिक्षकांपैकी चौघे-पाच जण तरी माझ्याबरोबर उभे राहतील, असं मी धरून चालतो.

आता वहीचं शेवटचं काम. सरांच्या नोंदींत काही ओळी अर्धवट आहेत. चिखलात चेस्ट नंबर गळून पडलेला असायचा, पोरगं दमून बोलू शकायचं नाही, किंवा एसटी गाठायला तसंच पळून जायचं. अशा जागी सरांनी वेळ लिहिली आहे आणि नावाच्या ठिकाणी खूण: ‘मानवतचा, लाल बनियन’, ‘सेलूचा उंच मुलगा’, ‘नदीपलीकडचा, अनवाणी’. अशा एकूण चौदा ओळी आहेत. वही मी इथे टेबलावर ठेवतो आहे, शेजारी पेन्सिलही आहे. ज्यांनी त्या काळात शाळेकडून शर्यती धावल्या, त्यांनी जाण्याआधी एकदा बघून जावं. एखादी ओळ तुमची असेल, किंवा तुमच्या भावाची, वर्गमित्राची. ओळखू आली तर नाव लिहा. शाई वापरू नका, कागद फार जीर्ण झाला आहे.